दाबल्यावर की सोडल्यावर? क्लचच्या आवाजांची उकल

गणपती आठवड्यावर आले की मुंबई-गोवा हायवेलगतच्या गॅरेजांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "क्लच दाबलो की कायतरी किरकिरता." मिस्त्री मुरलेला असेल तर तो लगेच बॉनेट उघडत नाही की गाडीखाली शिरत नाही. तो एवढंच विचारतो, "दाबल्यार की सोडल्यार?" गिऱ्हाईक इथेच अडखळतं. आवाज येतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं, पण नेमका कधी सुरू होतो आणि कधी थांबतो, हे सांगता येत नाही.

आवाजाच्या जातीला आपण उगाच जास्त भाव देतो. एकाला जी किरकिर वाटते ती दुसऱ्याला घरघर वाटते, आणि फोनवर मेकॅनिकला तोंडाने आवाज काढून दाखवणाऱ्यांची करमणूक तर वेगळीच. पण पेडल वर असताना आवाज होता आणि दाबल्यावर गेला, यावर कुणाचं दुमत होत नाही. पेडल हललं की गाडीच्या पोटात काय फिरतंय आणि काय थांबलंय हे बदलतं. म्हणून आवाजाची वेळ पकडली की त्याची जागा बरीचशी सापडते. त्यासाठी आत काय आहे एवढं एकदा समजून घ्यावं लागेल.

पोटात काय आहे

इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला एक जड चाक असतं, फ्लायव्हील. इंजिन चालू म्हणजे ते फिरणारच. गाडी उभी असतानाही मिनिटाला साधारण 700 ते 900 फेरे. फ्लायव्हीलला बोल्टने जखडलेली असते प्रेशर प्लेट, आणि या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट. प्रेशर प्लेटमधली डायफ्रॅम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून ठेवते, दोन तळव्यांमध्ये भाकरी धरावी तशी. क्लच प्लेटच्या मधोमध खाचांचं भोक असतं आणि त्यात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसतो. पेडल वर आहे तोवर हे सगळं एकजीव होऊन फिरतं, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचते.

पेडल दाबलं की केबल ताणली जाते, किंवा हायड्रॉलिक क्लच असेल तर नळीतल्या तेलाचा दाब वाढतो. त्या जोरावर फोर्क नावाची दांडी हलते आणि रिलीज बेअरिंगला पुढे ढकलते. बेअरिंग डायफ्रॅम स्प्रिंगच्या मध्याकडे आलेल्या पात्यांवर, म्हणजे तिच्या बोटांवर टेकतं, बोटं आत दबतात, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. इंजिन फिरत राहतं, इनपुट शाफ्ट मात्र मंदावत थांबतो. आता गिअर घालता येतो.

या सगळ्यात रिलीज बेअरिंगची नोकरी सर्वांत वाईट. त्याची एक बाजू फोर्कला धरून स्थिर असते, दुसरी इंजिनच्या वेगाने फिरणाऱ्या बोटांवर दाबलेली. जितका वेळ पेडलवर पाय, तितका वेळ त्याची झीज. त्यातलं ग्रीस कारखान्यातून भरून येतं, वर तेल घालायची सोय नाही. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असलेल्या माणसाच्या गाडीत हे बेअरिंग लवकर ओरडू लागतं, यात नवल नाही.

आणखी एक छोटा भाग काही गाड्यांत असतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीप-पिकअप वर्गातल्या अनेक गाड्यांत इनपुट शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मध्यात एका लहानशा बेअरिंगवर टेकलेलं असतं. त्याला पायलट बेअरिंग म्हणतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते नसतंच. तेव्हा अल्टोवाल्याला कुणी पायलट बेअरिंग बदलायला सांगितलं, तर आधी ते दाखवा म्हणावं.

पडवीसमोर करायची परीक्षा

गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, समोर माणूस-मूल-कोंबडी कुणी नको. एसी, पंखा, रेडिओ बंद. गाडीखाली कुणी डोकावणार नाही हे बजावून ठेवा, कारण या परीक्षेला फक्त कान आणि डावा पाय लागतो.

आधी इंजिन बंद ठेवूनच पेडल पाच-सहा वेळा सावकाश दाबा, सोडा. या वेळी आत काहीच फिरत नाही. तरीही कुईं किंवा टक्क असा आवाज आला, तर तो पेडलच्या बुशचा, केबलचा, फोर्कच्या टेकूचा किंवा पेडलमागच्या दांडीचा आहे. समुद्राकाठी हे फार होतं. खारा वारा केबलच्या आतल्या तारेला गंज चढवतो, त्यात जांभ्याची लाल धूळ बसते, आणि पेडल दाबताना किरर्र असं अडखळत खाली जातं. हा आवाज ऐकून कुणी गिअरबॉक्स उतरवायला सांगत असेल तर गाडी दुसरीकडे न्या. बुश किंवा केबल बदलणं हे तासाभराचं काम. पेडलच्या सांध्याला थोडं ग्रीस लावून बघायलाही हरकत नाही. मात्र देवघरातलं खोबरेल तेल नको. कोकणात दरवाज्याच्या बिजागरीपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळ्याला ते चालतं असा समज आहे. पण 24 अंशांच्या खाली ते थिजतं, आणि आंबोलीच्या थंडीत पेडल आणखीच जड होईल.

केबल अडखळत असेल तर ती बदलून टाका. ती एका दमात तुटतेच असं नाही. कधी कधी आतल्या तारा एकेक करून सुटत जातात आणि शेवटच्या दोन-तीन तारांवर तुम्ही फोंडा घाट चढत असता.

आता इंजिन चालू करा. पेडलवर पाय नाही, गिअर न्यूट्रलला. नीट ऐका. मग पेडल अगदी हलकं, जेमतेम बोटभर दाबा आणि तिथेच धरा. मग पूर्ण दाबा आणि पाच-सहा सेकंद धरा. मग सोडा. इतकंच. इंजिन गार असताना एकदा आणि गाडी फिरवून आणल्यावर पुन्हा एकदा. मोबाइलवर रेकॉर्डिंग करत असाल तर "दाबतोय", "धरलाय", "सोडला" असं मोठ्याने बोलत करा. नुसत्या घरघरीची क्लिप मेकॅनिकला पाठवली तर तो पुन्हा तोच प्रश्न विचारणार.

दाबल्यावर येणारा आवाज

पेडल वर असताना शांत, बोटभर दाबलं की घरघर किंवा किरकिर सुरू, पूर्ण दाबलं की वाढली, सोडलं की गेली: हे रिलीज बेअरिंग. दाबून धरलेलं असताना ॲक्सिलरेटर थोडा दिला आणि आवाजाची पट्टी इंजिनबरोबर चढली, तर शंका उरत नाही. सुरुवातीला तो बारीक आणि कोरडा असतो, गारठ्यात सकाळी जास्त, गाडी तापली की कमी. आतल्या गोळ्या आणि त्यांचा मार्ग खरवडला गेला की तोच भरड होतो.

लगेच बदलायचं का? इथे माझं मत थोडं व्यवहारी आहे. सुरुवातीची बारीक किरकिर कित्येक गाड्या महिनोन्‌महिने काढतात. रोजचा प्रवास देवगड ते जामसंडे एवढाच असेल तर आंब्याचा हंगाम उरकून काम काढलं तरी आभाळ कोसळत नाही. पण पाच माणसं, पोत्यातला तांदूळ आणि टपावर फणस घेऊन आंबा घाट चढायचा असेल तर नको. बेअरिंग जाम झालं की ते फिरायचं थांबतं आणि स्प्रिंगच्या बोटांवर घासू लागतं. मग बोटं खातं, प्रेशर प्लेट जाते, आणि गिअर पडायचा बंद झाला की गाडी वळणावर उभी. आवाज भरड झाला, पेडलवरच्या पायाच्या तळव्याला थरथर जाणवू लागली, की मुदत संपली समजा.

याच बेअरिंगची उलटी तऱ्हाही आहे, आणि ती भल्याभल्यांना चकवते. पेडल वर असताना चिवचिव चालू, पाय नुसता टेकवला की बंद. इथे बेअरिंग बोटांना धड टेकतही नाही आणि धड सुटतही नाही. अधूनमधून घासून फिरतं, थांबतं. फोर्कचा टेकू झिजलेला, फोर्कची क्लिप ढिली किंवा केबलचं अंतर बिघडलेलं, यांतलं काहीतरी असतं. केबलच्या गाड्यांत पेडल वरून थोडं मोकळं हललं पाहिजे. किती ते गाडीच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. आधी हे अंतर लावून घ्या, मग पुढचं बघा. बऱ्याच हायड्रॉलिक गाड्यांत बेअरिंग कायम हलकं टेकलेलंच असतं आणि अंतर आपोआप राखलं जातं, तिथे लावण्याजोगं काही नसतं.

आवाज फक्त पेडल पूर्ण दाबल्यावर येत असेल, तेही गाडी उभी असताना पहिल्या गिअरमध्ये, आणि गाडी पायलट बेअरिंगवाली असेल, तर संशय तिकडे वळवा. गिअर घातलेला आणि गाडी उभी म्हणजे इनपुट शाफ्ट पक्का थांबलेला. फ्लायव्हील मात्र त्याच्याभोवती फिरतंय. त्या वेळी पायलट बेअरिंगवर सगळ्यात जास्त काम येतं. ही परीक्षा हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही लावूनच करा.

क्वचित आणखी एक प्रकार निघतो, आणि तो महाग आहे. क्लच दाबला की क्रँकशाफ्टवर पुढच्या दिशेने जोर येतो. तो जोर पेलणारे इंजिनमधले थ्रस्ट वॉशर झिजले असतील तर पेडल दाबताना इंजिनचा आवाजच बदलतो, खालून ठकठक येते. लाखावर किलोमीटर झालेल्या, ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत मेकॅनिकने ही शक्यता काढली तर त्याला वेड्यात काढू नका.

सोडल्यावर येणारा आवाज

आता उलट. न्यूट्रलला, पाय पेडलवर नसताना गुरगुर चालू आहे आणि पेडल पूर्ण दाबलं की एक-दोन सेकंदांत विरून जाते. ते विरणं महत्त्वाचं: इनपुट शाफ्ट झटक्यात थांबत नाही, मंदावत जातो, आणि आवाजही त्याच्याबरोबर मंदावतो. म्हणजे आवाज गिअरबॉक्सच्या आतला आहे, बहुधा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. हा क्लचचा दोष नव्हे. नवा क्लच सेट घालूनही गुरगुर तशीच राहिली आणि मालक-मेकॅनिक यांच्यात बोलाचाली झाली, अशा कथांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. पेडलवर आवाज बदलला एवढंच दोघांनी पाहिलं, कुठल्या दिशेने बदलला ते पाहिलं नाही.

गिअर ऑइल कमी झालं असेल तरी ही बेअरिंगं बोलू लागतात. काहीही खोलण्याआधी ऑइलची पातळी बघायला सांगा, आणि ते कसं दिसतंय तेही. पुरात किंवा भरतीच्या पाण्यात गाडी उभी राहिली असेल तर ऑइल दुधाळ निघेल. पाणी शिरल्याची ती खूण.

डिझेल गाड्यांत न्यूट्रलला येणारी खडखड वेगळी. डिझेल इंजिन हळू फिरताना झटक्याझटक्याने फिरतं, आणि ते झटके गिअरच्या दात्यांपर्यंत पोचले की दाते एकमेकांवर आपटतात. हे झटके गिळायला क्लच प्लेटच्या मध्यभागी छोट्या स्प्रिंगा असतात. काही मोठ्या डिझेल गाड्यांत त्यासाठी फ्लायव्हीलच दोन भागांचं केलेलं असतं, मध्ये स्प्रिंगा, त्याला ड्युअल मास फ्लायव्हील म्हणतात. क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या किंवा दुहेरी फ्लायव्हील झिजलं की खडखड वाढते. इंजिन बंद करताना शेवटच्या क्षणी खडखडाट होऊन ते थांबत असेल तर दुहेरी फ्लायव्हीलवर संशय घ्यायला जागा आहे. त्याची किंमत साध्या फ्लायव्हीलच्या कितीतरी पट असते, म्हणून "बदलावं लागेल" म्हटलं की किती ढिलं झालंय ते हाताने हलवून दाखवायला सांगा. गिअरबॉक्स उतरलेला असताना ते दिसतं.

उचलताना थरथर, घालताना खर्रर्र

गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना सगळी थरथरते, डॅशबोर्ड वाजतो, आणि चालू लागली की सगळं शांत. क्लच प्लेट फ्लायव्हीलला सलग पकडत नाही, पकड-सोड करत पकडते, म्हणून हे होतं. प्लेटवर ऑइल पडलं असेल, फ्लायव्हील जास्त तापून त्यावर निळसर डाग पडले असतील, किंवा मुळात इंजिनला जागेवर धरून ठेवणारं माउंटिंग तुटलं असेल. माउंटिंग आधी बघा, कारण ते बाहेरूनच दिसतं. आणि खड्ड्यांतून आलेल्या गाडीचं माउंटिंग शाबूत असेल यावर हायवेचा अनुभव असलेला माणूस सहजी विश्वास ठेवणार नाही.

निळसर डाग पडण्याला आपले रस्ते भरपूर हातभार लावतात. परशुराम घाटात रांग लागली की चढावर गाडी ब्रेकने नाही, अर्ध्या क्लचने थोपवून धरली जाते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवताना ओल्या उतारावर इंच-इंच सरकवताना तेच. किनाऱ्यावरच्या वाळूत चाक रुतल्यावर लोक क्लच अर्धा धरून इंजिन किंचाळवतात, तेव्हा तर पाचेक मिनिटांत काही वर्षांची झीज होते. मग जळका वास गाडीत भरतो. क्लच घसरत असेल तर आवाज जवळजवळ नसतो, हे लक्षात ठेवा. इंजिनचे फेरे चढतात आणि गाडी चढत नाही, हीच त्याची खूण. म्हणजे सगळ्यात झिजलेला क्लच हा सगळ्यात गप्प क्लच असू शकतो.

गिअर घालताना, विशेषतः रिव्हर्सला, खर्रर्र झालं तर आधी स्वतःची घाई तपासा. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे दाते जुळण्याआधी त्यांचे वेग सारखे करणारी सोय, नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच पूर्ण दाबून मनात पाच अंक मोजा आणि मग रिव्हर्स घाला. आता खरखर गेली तर गाडी निर्दोष आहे. पाच-सहा सेकंद थांबूनही खरखर राहिली, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल सैल असेल, हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली असेल किंवा प्लेट वाकडी झाली असेल. हायड्रॉलिक गाडीत बॉनेट उघडून तेलाची डबी बघा; कित्येक गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतून तेल घेतात. पातळी उतरत असेल तर गळती शोधल्याशिवाय नुसतं तेल भरून घाटात जाऊ नका, कारण प्रश्न ब्रेकचाही आहे. शिवाय हे तेल हवेतला दमटपणा ओढून घेतं. आपल्याकडे दमट हवेची कमतरता नाही, तेव्हा दोन वर्षांनी ते बदलणं चैनीचं नव्हे.

पावसाळ्यात झाकून ठेवलेली गाडी

हा कोकणचा खास विषय. चाकरमान्याची गाडी मे महिन्यात गावी येते, मालक ट्रेनने परत जातो, आणि गाडी खळ्यात ताडपत्रीखाली गणपतीपर्यंत उभी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताडपत्रीखाली हवा कोंडते आणि फ्लायव्हीलच्या उघड्या लोखंडावर गंजाचा थर धरतो. थर पातळ असेल तर पहिल्या दोन-चार वेळा गाडी उचलताना खरखर आणि थोडी थरथर होते, मग पृष्ठभाग घासून साफ होतो आणि आवाज जातो. याला घाबरून गॅरेज गाठायची गरज नाही.

थर जाड असेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटूनच बसते. पेडल खाली जातं, पण प्लेट सुटत नाही. इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही आणि जबरदस्ती केली की दात्यांचा भयंकर आवाज येतो. जबरदस्ती करू नका. जुने मिस्त्री अशी गाडी इंजिन तापवून, मोकळ्या मैदानात, क्लच दाबून गिअरमध्येच स्टार्ट करून आणि झटके देऊन सोडवतात. जमतं बऱ्याचदा. पण गाडी अचानक उसळी मारते, म्हणून ते खळ्यात तुळशीवृंदावनासमोर करायचं काम नव्हे, आणि हौशी माणसाचंही नव्हे. त्यापेक्षा गावातल्या कुणाला किल्ली देऊन ठेवा. पंधरा दिवसांनी एकदा गाडी नुसती चालू करून बंद करू नये. पाच-सहा किलोमीटर फिरवून, क्लच पाच-पंचवीस वेळा दाबून सोडून मग परत लावावी. उंदराने वायर कुरतडल्याचंही त्यात वेळेवर कळतं.

बुडालेल्या गाडीचं प्रकरण याहून वाईट. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा शहरातल्या असंख्य गाड्या गाळात बुडाल्या. क्लचच्या घराला बहुतेक गाड्यांत फोर्कजवळ फट असते, ती झाकायला रबरी बूट असला तरी. त्यातून पाणी आणि बारीक गाळ आत जातो, पाणी नंतर निघून जातं, गाळ क्लच प्लेटवर आणि बेअरिंगमध्ये राहतो. अशी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्याने, काही महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागलं तर दैवाला दोष देऊ नये. आणि आवाज घालवायला त्या फटीतून गंज सोडवणारा स्प्रे मुळीच मारू नका. आवाज दोन दिवस जाईल, स्प्रेचं तेल क्लच प्लेटवर बसेल आणि क्लच घसरू लागेल. प्रेशरने गाडी धुणाऱ्यालाही तिथे फवारा नको म्हणून सांगून ठेवा.

क्लचच्या नावावर खपणारे दुसरे आवाज

पेडलने ज्या आवाजात काडीचाही फरक पडत नाही, तो क्लचचा असण्याची शक्यता फार कमी. ओल्या सकाळी इंजिन चालू करताच येणारी किंचाळी बहुधा बेल्टची. एसी चालू-बंद केल्यावर बदलणारी घरघर एसी कॉम्प्रेसरकडची. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कट-कट-कट आलं तर पुढच्या चाकाच्या ॲक्सलचा सांधा. गाडीच्या वेगाबरोबर चढणारी घूं चाकाच्या बेअरिंगची; गाडी न्यूट्रलला घेऊन घरंगळत सोडली तरी ती तशीच राहते. हे शेवटचं घाटाच्या उतारावर करून बघू नका, सपाट मोकळ्या रस्त्यावर करा. बारीक आवाज ऐकायला एक चांगली जागा म्हणजे जांभ्याच्या कुंपणाची लांब भिंत: काच खाली करून भिंतीलगत हळू गाडी नेली की गाडीखालचा आवाज परतून कानावर येतो.

गॅरेजमध्ये क्लचच्या कामात सुट्या भागांबरोबर गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरीही मोठी असते. म्हणून एकदा गिअरबॉक्स खाली आलाच, तर फक्त बेअरिंग बदलून पैसे वाचवण्यात हशील नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हा सेट एकत्र बदला. फोर्कचा टेकू झिजलाय का ते बघून त्याला ग्रीस लावून घ्या. क्रँकशाफ्टच्या मागची ऑइल सील ओली दिसली तर तीही बदला, नाहीतर नव्या प्लेटवर जुनं ऑइल गळेल. फ्लायव्हीलवर बोट फिरवून बघा. नखाला खाच लागत असेल तर त्याचं काय करायचं ते तिथेच ठरवा. जुने भाग परत मागायला संकोच करू नका. नवा क्लच पडल्यावर पहिले चार-पाचशे किलोमीटर भार कमी ठेवा, आणि जमलं तर त्या काळात घाट टाळा. सुरुवातीला थोडा वास येईल, तो जातो. पेडलचा जोर आणि पकडण्याची जागा बदललेली वाटेल; पाय दोन दिवसांत जुळवून घेतो.